भाच्याची दोन मिनिटं

चित्रपटाची सुरुवात चित्रपटाच्या आधी येते, हे या शास्त्राचं मूलतत्त्व. माध्यम अभ्यासक्रमात त्यात एक सुधारणा झाली आहे. तिथे सुरुवात येते आणि तिच्यामागून चित्रपट येतच नाही. विद्यार्थ्याने दोन मिनिटांचा आरंभ चित्रित करायचा, त्यावर श्रेयनामावली चढवायची आणि उरलेला दोन तासांचा सिनेमा परीक्षकांनी मनातल्या मनात पाहून घ्यायचा. सोबत एक फाइल जोडावी लागते. तिच्यात कथासूत्र, अपेक्षित प्रेक्षकवर्ग, स्टोरीबोर्ड, शॉट लिस्ट, रेकीचे फोटो, कॉल शीट आणि संभाव्य धोक्यांचा तक्ता असतो. फाइल हातात घेतल्यावर जड लागली तर गुण चांगले पडतात, असा सर्वत्र समज आहे.

प्रस्तुत लेखक देऊळघाटात फोटो स्टुडिओ चालवतो आणि लग्नांची शूटिंग घेतो. त्याचा भाचा पुण्याला माध्यमं शिकतो. मामा जे काढतो त्याला भाचा ‘कव्हरेज’ म्हणतो, स्वतः जे काढतो त्याला ‘सिनेमा’. मात्र हा सिनेमा काढायला तो पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यात येतो, कारण मामाकडे ट्रायपॉड, दिवे, जनरेटर आणि पांढरी दाढी या चारही गोष्टी फुकटात मिळतात. त्याच्या आणि त्याच्या वर्गबंधूंच्या उपयोगासाठी पुढील नियम संकलित केले आहेत.

नियम पहिला. म्हाताऱ्याला आभाळाकडे पाहायला लावू नये.

हा नियम पहिला का, याचं कारण शास्त्रात सापडणार नाही. ते लेखकाच्या मानेत आहे. वऱ्हाडातल्या गावात कॉलेजचा कॅमेरा आला की विषय शेतकरी, आणि शेतकरी म्हणजे मळका सदरा, कपाळावर आडवा हात, नजर वर. लेखकाला दाढी आहे, शेती नाही. शेती मोठा भाऊ करतो. पण तो रोज गुळगुळीत दाढी करतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

‘मामा, तुम्ही फक्त वर पाहा. ॲक्टिंग करू नका.’

‘वर काय आहे?’

‘काहीच नाही. तेच तर आहे ना!’

असं म्हणून भाचा मॉनिटरमध्ये डोकं घालतो आणि मामा वर पाहत राहतो. उन्हाने डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी भाच्याला फार आवडतं.

वास्तविक पाऊस कसा होईल हे जाणून घ्यायला आमच्या जिल्ह्यात आभाळाकडे पाहत बसायची गरज पडत नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटाची मांडणी होते. गोलाकार धान्यं मांडतात, मध्ये मातीची ढेकळं, घागर, पापड, करंजी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हललं ते पाहून पावसाचं, पिकाचं, झालंच तर देशाच्या राजकारणाचंही भाकीत सांगतात. सकाळचा चहा होईपर्यंत ते भाकीत सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. ज्यांचा भेंडवळवर विश्वास नाही ते हवामान खात्याचा अंदाज पाहतात, ज्यांचा दोन्हींवर नाही ते दोन्ही पाहतात.

सांगायचं म्हणजे आमचा माणूस खाली पाहतो, मोबाइलमध्ये. माझा भाऊ सोयाबीनचा भाव पाहतो तेव्हा चष्मा कपाळावर सरकवतो, फोन नाकाजवळ नेतो, अंगठ्याने स्क्रीन ढकलतो, थांबतो, पुन्हा खाली ओढतो, जणू ओढल्याने आकडा बदलणार आहे. मग काही न बोलता फोन खिशात ठेवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा काढतो. यात संवाद नाही, खर्च नाही, मामाची मान नाही. त्याच्या तोंडावरून आकडा काय असेल ते कळतं, पण दिसत नाही. आणि न दिसलेला आकडा पाहायला माणूस तिसऱ्या मिनिटापर्यंत थांबतो. सुरुवात म्हणजे दुसरं काय असतं रे बाप्पा?

नियम दुसरा. ड्रोन.

ड्रोन उडवण्यापूर्वी २०२१ चे ड्रोन नियम वाचावेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ गटात मोडतं आणि त्याचे सोपस्कार कमी असतात. वजनदार यंत्राला नोंदणी लागते, चालवणाऱ्याला परवाना लागू शकतो, आणि उडवण्याआधी नकाशावर तो भाग कोणत्या रंगात आहे ते पाहावं लागतं. हा झाला कायद्याचा भाग. व्यावहारिक अडचण अशी की गावात ड्रोन वर गेला की गल्लीतलं प्रत्येक पोरगं, ओट्यावरची प्रत्येक बाई आणि पारावरचा प्रत्येक माणूस वर पाहतो. भाच्याच्या ‘निद्रिस्त गावाची पहाट’ या शॉटमध्ये अख्खं देऊळघाट कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतंय.

नियम तिसरा. गजर वाजवू नये.

गजर, मग हात, मग पांघरूण, मग जमिनीवर पडणारी पावलं, मग आरशात दात घासणं. जगातला प्रत्येक विद्यार्थी इथून सुरू करतो, कारण त्याचा स्वतःचा दिवस इथून सुरू होतो.

नियम चौथा भाच्याने हस्तलिखित वाचून वगळायला लावला. तो त्याच्या आवाजातल्या ‘आयुष्य म्हणजे...’ या निवेदनाबद्दल होता.

नियम पाचवा. पूर्वसूरींनी काय केलं ते पाहावं.

यासाठी परदेशी जायला नको. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्याची सुरुवात कशी आहे? राजा आपल्या मुलाला बाण सोडायला शिकवतोय आणि राणी पाहतेय. बस. राजवाड्याचं विहंगम दृश्य नाही, ‘ही कथा आहे एका सत्यवचनी राजाची’ असा खर्जातला आवाज तर नाहीच. सुखी घर आधी दाखवलं, म्हणजे ते मोडल्यावर पोटात कालवतं. आणि ज्याला फाइलचा कंटाळा येतो त्याने हे ऐकावं: फाळक्यांनी या चित्रपटाला भांडवल मिळावं म्हणून आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ ही चिमुकली फिल्म केली होती. नियोजनाचा पुरावा म्हणून याहून चांगला कागद मला माहीत नाही.

अलीकडचं पाहायचं तर ‘फँड्री’ (२०१३) बेचकी घेऊन काळ्या चिमणीमागे रानात फिरणाऱ्या पोरांपासून सुरू होतो. ती चिमणी कशाला हवी ते लगेच सांगत नाहीत. ‘सैराट’ (२०१६) क्रिकेटच्या सामन्याने आणि माइकवरच्या कॉमेंट्रीने सुरू होतो. गावातला कोण मोठा, कोण लहान, कोणाच्या शब्दाला वजन, हे सगळं कॉमेंट्रीवाला हसता हसता सांगून टाकतो आणि आपल्याला वाटतं आपण मॅच पाहतोय. ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये तर साक्षात म्हातारा आहे. पण तो मुलांची शिकवणी घेत असतो. थोड्या वेळाने तोच शाहीर म्हणून मंचावर चढतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात. त्याला आभाळाकडे पाहायला सवडच मिळत नाही.

भाच्याचं यावर म्हणणं असं की ती मोठी माणसं, आम्ही विद्यार्थी. तर ‘फँड्री’-‘सैराट’वाले नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले आणि त्या शिकण्यातूनच ‘पिस्तुल्या’ निघाली. पारधी समाजातल्या एका पोराची ती गोष्ट, जिला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार नंतर ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसला. म्हणजे विद्यार्थीपण हे कारण चालणार नाही. नगर पुण्याहून फार लांब नाही आणि देऊळघाटाहून मोठंच आहे.

नियम सहावा. पीक विचारून दुष्काळ ठरवावा.

पटकथेत दुष्काळ असेल तर ऑगस्टमध्ये येऊ नये. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सोयाबीन गुडघ्याच्या वर हिरवंगार उभं असतं. त्यात उभं राहून मामा कितीही हताश दिसला तरी प्रेक्षकाला वाटतं, याला झालंय काय? भेगाळलेली जमीन हवी असेल तर एप्रिल-मे. पैनगंगेच्या पात्रात तेव्हा हवं तितकं उजाड मिळतं. सोंगणीचे दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे, तेव्हा शेतात खरी धावपळ असते आणि कोणालाही तुमच्यासाठी हताश दिसायला वेळ नसतो. फुटलेला कापूस हवा तर दिवाळीच्या आसपास. कोणत्याही महिन्यात या, पण धुऱ्यावरून चाला. तासात पाय टाकून ‘फ्रेम’ शोधणाऱ्या एका मुलाला माझ्या भावाने जे ऐकवलं ते रेकॉर्ड झालं आहे. पूर्ण चित्रीकरणात तेवढाच एक संवाद अस्सल आहे.

नियम सातवा. आवाज.

इथे लेखक थोडा गंभीर होतो, कारण चित्र थोडं हललं तर लोक त्याला शैली म्हणतात, आवाज खराब असला तर उठून जातात. कॅमेऱ्यावरचा माइक हा फक्त कॅमेरामनचा श्वास नोंदवण्यासाठी असतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर वेगळा माइक धरा आणि त्याला वारा अडवणारं केसाळ टोपडं घाला. बुलढाण्याचा घाटमाथा आहे, इथे वारा पडत नाही. खोलीत पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना गाडीची चावी आत ठेवावी, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही युक्ती न पाळल्यामुळे नासलेल्या दुधाबद्दल माझी बहीण अजून बोलते. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहून त्या जागेचा नुसता आवाज नोंदवून घ्यावा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली फट त्यानेच भरते. भाच्याच्या चमूला गप्प राहण्याचं एक मिनिट अजून पूर्ण करता आलेलं नाही.

गावातल्या आवाजांचं वेळापत्रक आधी काढावं. मंदिराचा भोंगा, मशिदीचा भोंगा यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या सांभाळता येतात. भंगारवाल्याच्या भोंग्याला वेळ नसते. पिठाच्या चक्कीचं म्हणाल तर चक्कीवाल्याला अर्धा तास थांब म्हणावं, नाहीतर सरळ चक्कीवरच सिनेमा काढावा. उमेश कुलकर्णींनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना ‘गिरणी’ तसाच काढला. घरात आलेली गिरणी आणि तिला विटलेला पोरगा, एवढ्यावर. आणि पार्श्वसंगीत नसेल तर सिनेमा ओका वाटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (१९३७) लावावा. त्यात पार्श्वसंगीत नाही, घरातल्या-दारातल्या आवाजांवर सगळं तोललंय. तुम्ही मात्र यूट्यूबवरून उचललेली बासरी लावता. करुण बासरी. दर वेळी तीच.

नियम आठवा. उजेड.

सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. पांढराशुभ्र सदरा कॅमेऱ्यात फुटतो, मळखाऊ घालायला सांगावं. घरात ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फोनचा नेहमीचा १/६० ठेवला तर भिंतीवर पट्टे सरकतात. फोनवर शूट करत असाल तर तो आधी फ्लाइट मोडवर टाका. ऐन शॉटमध्ये आईचा फोन येतोच. आईचा फोन उचलावा, पण शॉट संपल्यावर.

नियम नववा. फाइल.

स्टोरीबोर्डला चित्रकला लागत नाही. चौकटीत काडीचा माणूस काढला तरी पुरतो, फक्त तो कुठे उभा आहे आणि कुठे पाहतो ते कळायला हवं. बैलगाडी एका चौकटीत डावीकडून उजवीकडे गेली आणि पुढच्या चौकटीत उजवीकडून डावीकडे, तर बघणाऱ्याला वाटतं माणूस काहीतरी विसरून घरी परतला. मांडवात मी हे फार सांभाळतो. नवरा-नवरीच्या मध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि मुहूर्त लागेपर्यंत कॅमेरा तिच्या पलीकडे न्यायचा नाही. नेला की अल्बममध्ये नवरी नवऱ्याच्या जागी. याला पुण्यात १८० अंशांचा नियम म्हणतात असं भाच्याकडून कळलं. त्याला हे मामाकडून कळायला हवं होतं, असो.

हिशेब असा. पटकथेचं साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. तुमच्याकडे दोन पानं आहेत. नावाची प्रत्येक पाटी वाचून होईपर्यंत निदान तीन सेकंद राहिली पाहिजे. दहा पाट्या म्हणजे अर्धं मिनिट गेलं, तेव्हा त्या पाट्यांमागे काहीतरी घडत असलं पाहिजे. प्रत्येक शॉट सुरू होण्याआधी पाच सेकंद आणि संपल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. हे सांगून सांगून घसा बसला, तरी ‘कट’ म्हणायची घाई जात नाही. ‘कट’ म्हणण्यासाठीच मुलं या शाखेला येतात की काय कोण जाणे.

धोक्यांच्या तक्त्यात भाच्याने ‘ऊन’, ‘पाणी कमी पिणे’ आणि ‘मामांचा मूड’ असं लिहिलं. प्रत्यक्षात लिहायला हवं ते असं: मोताळ्याकडे उतरताना राजूर घाटाच्या वळणावर ट्रायपॉड लावू नये. जुन्या दगडी बांधकामावर मोहोळ आहे का ते आधी पाहावं. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला संध्याकाळी ‘मूड’ शोधत फिरू नये, तिथे अस्वलं आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला होता. त्याने वाटेत कोणतीही रेकी केली नव्हती, तुम्ही करा. लोणारच्या सरोवरावर किंवा सिंदखेड राजाच्या वाड्यात कॅमेरा काढायचा तर परवानगीचा कागद खिशात हवा, ‘आम्ही स्टुडंट आहोत’ हा कागद नव्हे.

नियम दहावा. नावं.

प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि आज तिच्याच स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिची तुतारी वाजवणारी स्त्री लोकांच्या लक्षात राहिली, कारण तुतारी थांबल्यावर ‘संत तुकाराम’ सुरू व्हायचा. भाच्याच्या ‘प्रॉडक्शन हाऊस’चं बोधचिन्ह वीस सेकंद फिरतं, त्यातून ठिणग्या उडतात, आणि ते थांबल्यावर मी वर पाहत असतो. मग लेखक, दिग्दर्शक, संकलक, छायालेखक, वेशभूषा या सगळ्या पाट्यांवर एकच नाव. मग आभार. प्राचार्य, विभागप्रमुख, विभागप्रमुखांचे ‘प्रा. डॉ.’, मार्गदर्शक, ग्रामपंचायत, सर्व ज्ञात-अज्ञात. यात मामाचं नाव ‘लोकेशन सौजन्य’ मध्ये आलं. अभिनयात नाही. का, तर ‘मामा, तुम्ही ॲक्टिंग नाही केली, तुम्ही होतात.’

हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं, मला नंतर समजलं.

पोरगं वाईट नाही. गेल्या खेपेला भावाच्या हातातल्या मोबाइलवर ऊन पडून परतत होतं, तर हा उंबऱ्यात उकिडवा बसून ढग यायची वाट पाहत राहिला. बहिणीने भाकरी आणि ठेचा वाढून हाका मारल्या, उठला नाही. लग्नात माझ्या हाताखालची पोरं पंगत बसली की कॅमेरा खुर्चीवर ठेवून पळतात. ढग आला, शॉट झाला, आणि त्यात भावाचा अंगठा स्क्रीनवर थांबतो तेवढाच भाग चांगला होता. मी त्याला तसं सांगितलं नाही. इथे लिहिलं आहे, फाइलला जोडायचं असेल तर जोडावं.

नियम अकरावा. चहाचा कप पहिल्या शॉटमध्ये भरलेला असेल तर दुसऱ्यातही तेवढाच भरलेला हवा. मामाने पिऊन टाकला तर परत करावा लागतो, दूध विकत येतं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहापासून नदीकडच्या रस्त्याला शूटिंग आहे. या वेळी वर पाहायचं नाही असं ठरलंय, भाऊ दाढी न करता येणार आहे. तरी सर्व ग्रामस्थांना विनंती की त्या वेळात तिकडून ट्रॅक्टर नेऊ नये, आणि न्यावाच लागला तर कॅमेऱ्याकडे पाहून हात करू नये.